मिनिक्स: पुस्तक रास्त, परवाना महाग

संगणकशास्त्राचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाम यांनी 1987 मध्ये ‘ऑपरेटिंग सिस्टिम्स: डिझाइन अँड इम्प्लिमेंटेशन’ हे पाठ्यपुस्तक आणि त्याच्या जोडीला मिनिक्स ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम प्रेंटिस हॉल या प्रकाशकामार्फत बाजारात आणली. एटी अँड टी या अमेरिकी दूरध्वनी कंपनीने युनिक्स या आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सातव्या आवृत्तीपासून वर्गात मूळ कोड शिकवण्यास मनाई केल्यामुळे हा विषय फळ्यावरच्या आकृत्यांपुरता उरला होता आणि ती उणीव या संचाने भरून काढली.

पुस्तकाची खरी मिळकत त्याच्या परिशिष्टात आहे. सुमारे 12,000 ओळींचा सी या प्रोग्रामिंग भाषेतील कोड तेथे छापलेला असून ओळींना क्रमांक दिलेले आहेत. विवेचन त्या क्रमांकांच्या आधारे पुढे सरकते, म्हणून एक बोट मजकुरात आणि दुसरे परिशिष्टात ठेवूनच वाचावे लागते. मनगट दुखते खरे, परंतु शेड्यूलर, म्हणजे प्रोसेसरचा वेळ वाटून देणारा भाग, पुढची प्रोसेस (चालू प्रोग्राम) नेमकी कशी निवडतो, हे एकदा ओळीवर बोट ठेवून पाहिले की परीक्षेसाठी व्याख्या पाठ कराव्या लागत नाहीत.

सॉफ्टवेअरची किंमत 69 डॉलर होती. व्यावसायिक युनिक्सच्या परवान्याशी तुलना करता ती किरकोळच म्हणावी लागेल, शिवाय विद्यापीठांना अभ्यासक्रमासाठी प्रती काढण्याची मुभा होती. त्यामुळे किमतीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती परवान्याबद्दल. सुधारलेले मिनिक्स इतरांना वाटण्यास परवानगी नसल्याने लोक केवळ फरकांच्या पॅच फाइल्स एकमेकांना पाठवत. इंटेलच्या 386 प्रोसेसरवर मिनिक्स नीट चालवायचे तर आधी मूळ संच विकत घ्यायचा आणि मग प्रोग्रामर ब्रूस इव्हान्स यांचे पॅच त्यावर स्वतः चढवायचे, असा द्राविडी प्राणायाम होता. मिनिक्सवरच काम करणाऱ्या लिनस टॉरवॉल्ड्स यांनी 1991 मध्ये लिनक्स ही आपली ऑपरेटिंग सिस्टिम जाहीर केली आणि मुक्त वाटपाच्या बळावर ती झपाट्याने पुढे गेली. मिनिक्सला बदल आणि वाटपाची मोकळीक देणारा बीएसडी परवाना मिळाला तो एप्रिल 2000 मध्ये, म्हणजे गाडी सुटून गेल्यावर.

बांधणीत मात्र प्रकाशकाने वेळेवर सुधारणा केली. 1997 च्या दुसऱ्या आवृत्तीत सीडी पुस्तकासोबतच आली, त्यामुळे वेगळ्या खरेदीची कटकट संपली. माझ्या मते शैक्षणिक संचाची वाजवी मांडणी हीच: दाम कागदाचे आणि विवेचनाचे घ्यावे, कोड मोकळा ठेवावा. एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाने 2006 पासून शिकवण्यासाठी वापरात आणलेल्या एक्सव्ही6 या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तर कोड आणि शंभरेक पानांची पुस्तिका दोन्ही मोफत आहेत. ती पुस्तिका नेटकी आहे, पण त्रोटकही आहे, आणि शिक्षक हाताशी नसेल तर वाचक मध्येच अडतो.

म्हणून स्वतःच्या बळावर शिकणाऱ्याने 2006 ची तिसरी आवृत्ती जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाली तरी घ्यावी. सोबतची सीडी नसली तरी बिघडत नाही, त्या आवृत्तीतले मिनिक्स 3 आभासी यंत्रावर, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकावर, फुकट चालवता येते. वर्गासाठी मात्र एक्सव्ही6 पुरेसे आहे.