साडेअठरा हजारांची कडी

माझी मुलगी धुळ्यात 10 मीटर एअर रायफल खेळते. टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, छर्रा साडेचार मिलिमीटरचा. मॅचला 60 छर्रे आणि गुण दशांशात. मागच्या वर्षी दोन गुणांनी तिची निवड हुकली, तेव्हा आठवडाभर ती नीट जेवली नव्हती. त्यातच एक विक्रेता भेटला. बॅरलच्या तोंडाशी बसवायची एक कडी त्याच्याकडे होती. म्हणाला, "कंपन थांबतं, ग्रुप निम्मा होतो. भाऊ, पोरीचे पाच गुण कुठे गेले नाहीत." ग्रुप म्हणजे एका टार्गेटवर मारलेल्या छर्र्यांच्या भोकांचा पसारा.

प्रात्यक्षिक त्याने आमच्यासमोर दिलं. आधी कडीशिवाय तीन छर्रे मारले, ते पसरले. मग कडी बसवली, छर्र्यांची नवीन डबी फोडली आणि तीन छर्रे मारले. एक बाहेर गेला, तेव्हा "हात हलला" म्हणत त्याने ते टार्गेट बाजूला टाकलं आणि पुन्हा तीन मारले. या वेळी तिन्ही एकाच भोकात! मी एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक आहे, वीस वर्षं मोजमापात गेली, तरी डबी बदललेली आणि टार्गेट फेकलेलं त्या क्षणी मला खटकलं नाही. पोरीचे डोळे चमकले होते, मी ते पाहत होतो. साडेअठरा हजार मोजले. माझी आई म्हणाली, "आते काय करशी, पैसा तं दिधात ना!"

गुण वाढले नाहीत. फोन केला तर उत्तर मिळालं, "पंधरा दिवस सवय लागू द्या." माल परत घ्यायची मुदत दहा दिवसांची होती, हे बिलावर मला नंतर दिसलं. वाईट याचं वाटतं की त्या दिवसांत मुलगी दोष स्वतःला देत होती. "पप्पा, कडी चांगली आहे, मीच चुकतेय."

मग एका रविवारी रायफल वर्कशॉपातल्या बेंच वाइसमध्ये बांधली, जबड्यांना रबर लावून. सगळे छर्रे एकाच डबीतले, हवेचा दाब दर वेळी सारखा भरलेला. एकदा कडीसह दहा, एकदा कडीशिवाय दहा, असं आलटून पालटून तीन-तीन वेळा. आधी सगळे एका पद्धतीचे आणि मग सगळे दुसऱ्या पद्धतीचे मारले, तर मधल्या वेळात उष्मा वाढला, दाब उतरला, तर तो फरक कडीच्या नावावर जातो. धुळ्याच्या मे महिन्यात पत्र्याखाली हे ध्यानात ठेवावंच लागतं. एकही टार्गेट टाकून दिलं नाही. व्हर्नियरने भोकांची बाहेरची रुंदी मोजली. कडीशिवाय 7.4, 6.6, 8.1. कडीसह 7.0, 8.2, 7.3 मिलिमीटर. एकाच रायफलीचे, काहीही न बदलता मारलेले दोन ग्रुप आपापसात जेवढे वेगळे येतात, कडीने पडलेला फरक त्याहून मोठा नव्हता. तीन छर्र्यांत तर काहीही दाखवता येतं: पुरेशा वेळा मारा, एखादा ग्रुप एका भोकात जातोच.

विक्रेता म्हणाला, "वाइसमध्ये कळत नाही, हातात कळतं." ठीक. बॅरलच्या टोकाला वजन असलं की काही नेमबाजांना रायफल स्थिर वाटते, हे खरंच आहे. म्हणून ओळखीच्या लेथवाल्याकडून त्याच वजनाची साधी पितळी कडी कातून घेतली, काळा रंग दिला. खर्च अडीचशे रुपये. कुठली कडी कधी बसवायची ते माझा मित्र चिठ्ठी काढून ठरवायचा. दोन्हींवर एकसारखी टेप गुंडाळलेली, त्यामुळे मुलीला आणि मला काहीच माहीत नव्हतं. दोन्हींवर दोन-दोन पूर्ण मॅच झाल्या. विकतच्या कडीवर 604.8 आणि 607.1, पितळेच्या कडीवर 606.3 आणि 605.2.

आकडे पाहून मुलगी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे माझं नव्हतं चुकत."

विक्रेत्याला हे सगळे कागद पाठवले. त्याने नंबर ब्लॉक केला.

धुळे, शिरपूर, अमळनेर, नंदुरबारकडे कुणाला असली वस्तू दाखवली जात असेल, तर पैसे देण्याआधी वस्तू दोन दिवस मागून घ्या. विक्रेता द्यायला तयार नसेल तर तिथेच उठा. रायफल आणि छर्रे तुमचे, टार्गेट सगळी जपलेली, ग्रुप दहा-दहाचे, आणि कडी लावणारा माणूस तिसरा. शिवाय वजन करून बघा, कारण नियमाप्रमाणे रायफल 5.5 किलोच्या वर गेलेली चालत नाही. वाइस, व्हर्नियर आणि ती पितळी कडी माझ्याकडे आहे. रविवारी या, मी बांधून देतो.