पहिलीतल्या मुलीसाठी मराठी पुस्तकं : काय चाललं, काय पडून राहिलं

जूनमध्ये मुलगी पहिलीत गेली, तेव्हापासून घरात मराठी पुस्तकांची ये-जा चालू आहे. काही विकत घेतली, काही वाढदिवसाला आली, काही वाचनालयातून आणली, काही नेटवरून उतरवून छापली. आता वर्ष संपत आलंय आणि ती नाशिकच्या आमच्या सिडकोतल्या दुकानांच्या पाट्याही मोठ्यानं वाचत चालते. तेव्हा लिहायला हरकत नाही. मुखपृष्ठावर '५ ते ७ वर्षे' छापलंय एवढ्यावर पुस्तक घेऊ नका. मधलं कुठलंही पान उघडा आणि जोडाक्षरं मोजा.

मराठीत शब्द लांब असला म्हणून अवघड होतो असं नाही. 'आगगाडी' चार अक्षरी, पण मुलगी तो शब्द सरळ वाचून मोकळी होते. 'सूर्य' दोनच अक्षरं, पण रफार बसलाय 'य'च्या डोक्यावर आणि म्हणायचा 'य'च्या आधी, तिथे अडते. पहिल्या वेलांटीचंही तेच, लिहायची अक्षराआधी, उच्चारायची अक्षरानंतर. 'किती' हा शब्द ती बरेच दिवस 'इ'पासून सुरू करायची. याउलट 'चमचा'तला च आणि 'चिमणी'तला च वेगळे असूनही तिला कधी सांगावं लागलं नाही. शब्द कानाला ओळखीचा असला की जीभ आपोआप बरोबर वळते. म्हणून दुसरी तपासणी भाषेची. घरात आपण 'बाग' म्हणतो आणि पुस्तकात 'उद्यान' असेल, तर पोर दोनदा अडतं. एकदा जोडाक्षराला, एकदा अर्थाला.

वाढदिवसाला बोधकथांचा एक चकचकीत संच आला होता. प्रकाशकाचं नाव लिहीत नाही, असे संच सगळीकडे मिळतात. पहिल्याच ओळीत 'घनदाट अरण्यात' आणि 'वास्तव्य'. प्रत्येक गोष्टीखाली रंगीत चौकटीत तात्पर्य. मुलगी आधी चौकटच वाचायला जायची, आणि 'तात्पर्य' या शब्दातच दोन जोडाक्षरं! शिवाय अक्षरं चित्रावरच छापलेली, गडद हिरव्या झाडीवर काळी. मोठ्यांनासुद्धा पुस्तक दिव्याखाली धरावं लागतं. आम्ही ते वाचून दाखवतो, त्यासाठी ठीक आहे. तिच्या हातात देण्यासारखं नाही.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या वेबसाइटचा. २०१५ पासून चालू आहे, फुकट आहे, गोष्टी उतरवून छापायला परवानगी आहे आणि मराठीत भरपूर आहेत. चार पातळ्या केल्यात. पहिल्या पातळीच्या गोष्टी अडीचशे शब्दांच्या आतल्या, पानाला एक-दोन वाक्यं, तीच तीच रचना पुन्हा येणारी. तो पुनरुक्तीचा भाग आपल्याला कंटाळवाणा वाटतो, पण मुलांना नेमका तोच हवा असतो, कारण चौथ्या पानापर्यंत अर्धं वाक्य ओळखीचं झालेलं असतं. पातळी मुख्यतः शब्दसंख्या आणि वाक्यरचना बघून ठरते, जोडाक्षरांचा हिशेब आपण करायचा. भाषांतरं अनेक जणांनी केलेली असतात, तेव्हा छापण्याआधी एकदा स्वतः मोठ्यानं वाचा. जीभ अडखळली तर ती गोष्ट सोडून द्या. रंगीत प्रिंट महाग पडते, म्हणून मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून काळी-पांढरी काढून आणली आणि मधोमध पिना मारल्या. चित्रं तिनेच रंगवली. हा फायदा डोक्यातही नव्हता.

विकतच्यात नॅशनल बुक ट्रस्टची पातळ पुस्तकं स्वस्त आणि दणकट आहेत, पण पहिलीच्या सुरुवातीला बरीचशी जड जातात. दिवाळीनंतर काढा. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं मला भाषेसाठी आवडली. त्यातली माणसं आपल्यासारखं बोलतात.

वाचनालयाचं सांगायचं तर टिळकपथावरचं आपलं सावाना, म्हणजे सार्वजनिक वाचनालय, १८४० पासूनचं. तिथे मुलांची पुस्तकं मिळतात. गाडी लावायला जागा शोधण्यात शनिवारची संध्याकाळ जाते ते वेगळं. पण पोरीला कपाटासमोर उभं करून 'घे तुला हवं ते' म्हणता येतं, हे दुकानात जमत नाही. निवडताना आमचा एक नियम आहे. तिनं एक पान वाचायचं. पाच ठिकाणी अडली, तर ते 'आईनं वाचायचं' पुस्तक. अडलीच नाही किंवा एक-दोनदा अडली, तर तिचं. दोन्ही प्रकारची घरी येतात, त्यामुळे रुसवा होत नाही.

छपाईकडेही बघा. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे असतील तर पहिलीतलं मूल थबकतं, कारण शाळेत ते पाकळीचा ल आणि देठाचा श गिरवत असतं. नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयातही हीच रूपं आहेत, पण त्याआधीचे किंवा राज्याबाहेर अक्षरजुळणी झालेल्या पुस्तकांचे साठे अजून बाजारात आहेत. शब्द ओळीच्या शेवटी तुटलेला नको. आणि मधोमध पिन मारलेली पुस्तकं सपाट उघडी राहतात. जाड पुठ्ठ्याची बांधणी छोट्या हातांत सारखी मिटते.

सासूबाईंचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच, "अगं, आधी बाराखडी घोकून घे तिच्याकडून, पुस्तकं कुठे पळून जातायत?" अर्धं बरोबर आहे. काना-मात्रा पक्क्या नसताना गोष्टीची पुस्तकं दिली की मुलं चित्र बघून अंदाजानं बोलतात, आणि आपल्याला वाटतं वाचतायत. चित्रावर हात ठेवून बघा, लगेच कळतं. पण नुसती बाराखडी घोकवली तेव्हा ती 'कं कः'पर्यंत गाण्यासारखी म्हणायची आणि मधलं 'कै' दाखवलं की पुन्हा 'क'पासून मोजत यायची. शेवटी दोघींनी वाटून घेतलं. संध्याकाळी आजीकडे पाटी, रात्री माझ्याकडे पुस्तक.

आता ती दुसऱ्या पातळीच्या गोष्टी एकटी वाचते. जोडाक्षरं आली की अजून बोट ठेवते. सुट्टीत संवादाची पुस्तकं आणायचा विचार आहे, दोघींना एकेक पात्र वाटून घेऊन वाचता येतील अशी. नाशिकमध्ये कुठल्या दुकानात पुस्तक उघडून निवांत चाळू देतात हे कुणाला माहीत असेल तर सांगा, कॉलेज रोडला दोन ठिकाणी प्लास्टिकमध्ये बंद करून ठेवलेली असतात.