वेगासहून ‘ग्रँड कॅनियन’ टूर: पैसे एका जागेचे, दर्शन दुसऱ्याच जागेचे

मुलाकडे अमेरिकेत आलेल्या आईबाबांना तीन दिवसांत झायन, ब्राइस, अँटिलोप आणि ग्रँड कॅनियन दाखवणाऱ्या टूर लास वेगासहून रोज निघतात. अशाच एका टूरमध्ये जुलैत एका मराठी कुटुंबाची कशी फसवणूक झाली ते इथे क्रमाने देत आहोत. आजी, आजोबा, तिथेच स्थायिक झालेला मुलगा आणि चौदा वर्षांची नात असे चौघे होते. कंपनी बोगस नव्हती. गाडी वेळेवर आली, हॉटेलही बरं होतं. मुख्य लबाडी जागांच्या नावांत होती, त्यामुळे पैसे भरताना कुणालाच संशय आला नाही.

पहिला फटका रोख पैशांचा. जाहिरातीत ‘सर्व प्रवेश शुल्क समाविष्ट’ असं होतं, तरी झायनच्या अलीकडे गाइडने परदेशी पर्यटकांची नवी फी म्हणून माणशी ३०० डॉलर मागितले: तीन पार्क, प्रत्येकी १००. फी खरी आहे, म्हणून लोक मुकाट्याने देतात. १ जानेवारी २०२६पासून ११ नॅशनल पार्कांमध्ये नेहमीच्या प्रवेश शुल्कावर ती लागते, आणि झायन, ब्राइस व ग्रँड कॅनियन ही तिन्ही त्यांत येतात. पण ती फक्त अमेरिकेत न राहणाऱ्यांना आणि १६ वर्षांपासून पुढच्यांनाच लागू आहे. म्हणजे मुलाचे आणि नातीचे मिळून ६०० डॉलर सरळसरळ उकळले. पावती मागितली तर ‘ऑफिसातून ईमेल येईल’ एवढंच उत्तर. अशा वेळी फाटकावरची पावती हातात आल्याशिवाय रोख देऊ नका, आणि अमेरिकेत राहणाऱ्याने तिथलं सरकारी फोटो ओळखपत्र जवळ ठेवावं.

झायनमध्ये गाडी व्हिजिटर सेंटरला ५० मिनिटं थांबली आणि पुढे निघाली. मोसमात मुख्य दरीच्या रस्त्यावर खासगी गाड्यांना बंदी असते, पार्कच्या शटलनेच आत जावं लागतं, आणि शेवटच्या टेंपल ऑफ सिनावाव्हा थांब्यापर्यंत जाऊन यायलाच जवळजवळ दीड तास लागतो. ५० मिनिटांत झायन दिसत नाही, वाहनतळ दिसतो. कार्यक्रमपत्रिकेत झायनला तीन तासांपेक्षा कमी वेळ असेल तर ती भेट नाहीच, असं समजा. ब्राइसबद्दल मात्र तक्रार नाही. तिथे सनसेट पॉइंटवर पुरेसा वेळ मिळाला.

खरी चलाखी अँटिलोपला झाली. जाहिरातीत अरुंद घळीत वरून उतरणाऱ्या उन्हाच्या झोताचा फोटो होता. तो झोत मुख्यतः अप्पर अँटिलोपमध्ये, म्हणजे या कॅनियनच्या वरच्या भागात, साधारण मार्चअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, भर दुपारी दिसतो. अप्पर, लोअर आणि कॅनियन एक्स या तिन्ही जागा पेज गावाजवळ, नवाहो या मूळ अमेरिकन जमातीच्या जमिनीवर आहेत आणि परवानाधारक गाइडशिवाय तिथे पाऊल टाकता येत नाही. या कुटुंबाला मात्र लेक पॉवेल या जलाशयावर बोटीत बसवलं. बोट त्याच कॅनियनच्या पाण्याने भरलेल्या तोंडात शिरते, म्हणून ‘अँटिलोप कॅनियन बोट टूर’ हे नाव खोटं ठरत नाही. दोन्ही बाजूंना उंच कडे दिसतात, पण फोटोतली घळ दिसत नाही.

गाइडचं कारण ऐका: ‘युटातून ॲरिझोनात येताना घड्याळ बदलतं, त्यामुळे तुमचा स्लॉट हुकला.’ ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही आणि पेज ॲरिझोनाच्या वेळेवर चालतं. म्हणजे जुलैत युटातून पेजला येताना तासभर हातात जास्तच मिळतो. स्लॉट मुळात घेतलेलाच नव्हता.

पावसाळी हवेत घळ बंद ठेवली तर ती फसवणूक नव्हे. १२ ऑगस्ट १९९७ रोजी दूरवरच्या पावसाचा लोंढा लोअरमध्ये घुसून ११ पर्यटक दगावले होते. बंद झाल्यास पैसे कोण परत करणार, एवढं आधी विचारून ठेवा. गुडघे दुखत असतील तर अप्पर घ्या, तिथे घळीच्या आतलं चालणं सपाट आहे. लोअरमध्ये लोखंडी शिड्या चढाव्या-उतराव्या लागतात.

तिसऱ्या दिवशी ‘ग्रँड कॅनियन’ म्हणून ग्रँड कॅनियन वेस्टला नेलं. ही जागा वालापाई या मूळ अमेरिकन जमातीच्या मालकीची आहे, नॅशनल पार्कचा भाग नाही. काचेचा स्कायवॉक तिथलाच, २००७ साली सुरू झालेला, आणि त्याचं तिकीट वेगळं. नॅशनल पार्कची १०० डॉलरची फी इथे लागतच नाही, म्हणजे तिसऱ्या पार्कच्या नावाने आजी-आजोबांकडून घेतलेले २०० डॉलरही गेले. जाहिरातीतला फोटो होता साउथ रिमच्या, म्हणजे नॅशनल पार्कातल्या दक्षिण काठावरच्या, मेदर पॉइंटचा. वेगासहून वेस्ट अडीच तासांवर, तर साउथ रिम साडेचार तासांवर, त्यामुळे डिझेल आणि ड्रायव्हरचा वेळ कुठे वाचतो ते उघड आहे. वेस्ट वाईट नाही. दरीत हेलिकॉप्टर उतरवायचं असेल तर तिकडेच जावं, नॅशनल पार्कच्या हद्दीत पर्यटकांची हेलिकॉप्टर उतरत नाहीत. पण साउथ रिमचे पैसे घेऊन वेस्ट दाखवणं ही लूट आहे.

म्हणून पैसे भरण्याआधी ईमेलवर नावं लिहून घ्या: साउथ रिम की वेस्ट, अप्पर की लोअर की बोट, अँटिलोपच्या गाइड कंपनीचं नाव आणि स्लॉटची वेळ, प्रत्येक ठिकाणी किती तास. नॅशनल पार्कांत धंदा करणाऱ्या टूर कंपन्यांना पार्कचा परवाना लागतो, त्याबद्दल त्या-त्या पार्ककडे विचारता येतं. अँटिलोपच्या अधिकृत कंपन्यांची यादी नवाहो पार्क विभागाच्या संकेतस्थळावर असते. ‘ग्रँड कॅनियन, हवामानानुसार’ असं मोघम उत्तर आलं तर ती टूर सोडा.

फसवणूक झालीच असेल तर तिथल्या तिथे नावाच्या पाटीसकट फोटो काढा, म्हणजे वेळही नोंदली जाते. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि ईमेल जोडून ‘सांगितलेली सेवा दिली नाही’ या कारणाखाली कार्डाच्या बँकेकडे लेखी तक्रार करा. अमेरिकन क्रेडिट कार्डावर ही तक्रार ज्या स्टेटमेंटमध्ये रक्कम आली ते पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत करावी. भारतीय कार्ड असेल तर घरी परतायची वाट न पाहता तिथूनच बँकेला कळवा. बुकिंग ॲपवरून केलं असेल तर ॲपकडेही तक्रार करा, पण त्यांच्या उत्तरासाठी थांबू नका. त्यांची चौकशी चालू असली तरी बँकेची मुदत थांबत नाही.