रोम वाचायला घेताय? प्रजासत्ताकापासून की सम्राटांपासून

रोमच्या इतिहासात आपण बहुतेक जण मधूनच शिरतो. सीझर, क्लिओपात्रा, ब्रूटसचा खंजीर. नाटक-सिनेमांतून तेवढंच आपल्यापर्यंत पोचलेलं असतं. मग प्रश्न पडतो, इथून मागे जायचं की पुढे? मागे गेलात तर प्रजासत्ताक, म्हणजे इ.स.पू. ५०९ मध्ये राजाला हाकलून दोन कॉन्सल, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेले सर्वोच्च अधिकारी, नेमले तिथपासूनची जवळजवळ पाचशे वर्षं. पुढे गेलात तर सम्राट, इ.स.पू. २७ मध्ये सीझरचा वारस ऑक्टेव्हियनने ‘ऑगस्टस’ ही पदवी घेतली तिथून. वेळ भरपूर असेल तर दोन्ही वाचा. हाताशी दोन-तीन महिनेच असतील तर मात्र निवड करावी लागते.

पुराव्याच्या बाबतीत सम्राटांचं पारडं सरळ जड आहे. पुलावर एकटा लढणारा होरेशियस, नांगर सोडून सेनापती झालेला सिन्सिनाटस या कथा सुरेखच. पण त्या सांगणारा इतिहासकार लिव्ही ऑगस्टसच्या काळातला, म्हणजे घटनांनंतर चारशे-पाचशे वर्षांनी लिहिणारा. सम्राटांच्या काळात असं चाचपडावं लागत नाही. पाँपे शहराच्या भिंतींवर ‘अमक्याला निवडून द्या’ असे रंगवलेले मजकूर आजही वाचता येतात. ब्रिटनमधल्या विंडोलांडा ठाण्यात एका अधिकाऱ्याच्या बायकोने मैत्रिणीला वाढदिवसाला बोलावल्याची लाकडी चिठ्ठी सापडली आहे.

कारभार कसा चालायचा तेही अगदी जवळून दिसतं. आजच्या तुर्कस्तानातल्या बिथिनिया प्रांताचा सुभेदार प्लिनी सम्राट ट्रेजनला कळवतो की निकोमीडिया शहरात मोठी आग लागली, लोक नुसते बघत उभे राहिले, तर दीडशे जणांचं अग्निशमन पथक उभारू का? ट्रेजनचं उत्तर, नको. अशी मंडळं उभी राहिली की त्यांचं हळूहळू राजकारणी टोळकं होतं. त्यापेक्षा साहित्य पुरवा आणि घरमालकांनाच आग विझवू द्या. आग परवडली, पण संघटना नको! साम्राज्याला कशाची भीती वाटत होती ते एवढ्या पत्रव्यवहारात कळतं.

आपल्याकडचा धागाही याच बाजूला लागतो. इ.स. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण, तगर म्हणजे आपलं तेर, कल्याण, सोपारा ही नावं आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत तर रोमन काळातली पॉसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती मिळाली. सातवाहनांची आवड असेल तर इकडूनच शिरा, हे मी मोकळेपणाने सांगेन.

धोका एकच. कॅलिग्युला, नीरो, विषप्रयोग, आईचा खून असं करत वाचन दरबारी भानगडींत कधी अडकतं ते कळत नाही. आणि मुळात हे एवढं मोठं झालं कसं, याचं उत्तर तिथे मिळत नाही, कारण ऑगस्टस आला तेव्हा बहुतेक भूमध्य किनारा रोमच्या हातात आलेला होता.

ते उत्तर प्रजासत्ताकात आहे, आणि माझं मत तिकडेच. मात्र इ.स.पू. ७५३ ची रोमच्या स्थापनेची दंतकथा आणि संस्थापक जुळ्यांना दूध पाजणारी लांडगी इथून सुरुवात करू नका. इ.स.पू. ३३८ पासून करा. त्या साली लॅटिन शहरांचं बंड मोडल्यावर रोमने सगळ्यांना एकाच मापाने मोजलं नाही. काहींना पूर्ण नागरिकत्व दिलं, काहींना मताशिवायचं, काहींना नुसतं दोस्त म्हणून ठेवलं. करार प्रत्येकाशी वेगळा, आणि अनेक शहरांना आपापसात बैठका, व्यापार, सोयरीक यांची मनाई. दोस्तांकडून चौथाई नाही, खंडणी नाही; मागितले फक्त सैनिक. यातली खोच बघा. करच नसेल तर या दोस्तीचा फायदा वसूल करायचा मार्ग एकच, दरवर्षी मोहीम काढणं. लुटीत आणि जमिनीत दोस्तांनाही वाटा मिळायचा. इ.स.पू. २१६ मध्ये कॅनीला कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने रोमन सैन्य कापून काढलं, कापुआसारखी शहरं फुटलीसुद्धा, पण लॅटिन आणि मध्य इटलीतले दोस्त बहुतांशी टिकले. त्यावरच रोम तगलं.

या बाजूची अडचण म्हणजे नावं. चार सिपिओ, तितकेच अपियस क्लॉडियस, शिवाय प्रीटर, सेन्सर, ईडाइल अशी पदांची उतरंड. पहिले पंधरा दिवस डोकं फिरतं. एक कागद जवळ ठेवा आणि त्यावर मतदानाचं गणित आधी लिहा: कॉन्सल निवडणाऱ्या सैनिकी सभेत एकूण १९३ गट, प्रत्येक गटाचं एक मत, त्यांतले घोडेस्वारांचे १८ आणि सर्वांत श्रीमंत वर्गाचे ८०. हे ९८ एका बाजूला झाले की निकाल लागला. ज्यांच्याकडे काहीच मालमत्ता नाही त्या सगळ्यांचा मिळून गट एकच. उलट बाजूला सामान्यांचा ट्रिब्यून, ज्याचं दार रात्रंदिवस उघडं असायला हवं आणि जो एका शब्दात कॉन्सललाही अडवू शकतो. ही ओढाताण समजली की इ.स.पू. १३३ मध्ये टायबेरियस ग्रॅकस या ट्रिब्यूनला भर सभेत का मारलं, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

१३३ ला थांबलात तरी चालेल. तिथून वाटलं तर थेट प्लिनीच्या पत्रांवर उडी मारा. मधलं रक्तरंजित शतक सिनेमामुळे अर्धंमुर्धं ठाऊक असतंच.

आणि प्रजासत्ताक निवडलंत तर पहिल्याच दिवशी एक शिलालेख शोधून वाचा. मॅसिडोनियाचा राजा पाचवा फिलिप ग्रीसमधल्या थेसली प्रांतातल्या लारिसा शहराला बजावतो की परक्यांना नागरिक करून घ्या. रोमन लोक तर मुक्त केलेल्या गुलामांनाही नागरिक करतात, पदंही देतात, आणि त्यामुळेच त्यांनी जवळपास सत्तर वसाहती वसवल्या आहेत. सत्तरचा आकडा फुगवलेला आहे, आणि पदं गुलामाला नव्हे, त्याच्या मुलाला मिळायची. पण मर्म त्याने बरोबर पकडलं होतं. इ.स.पू. १९७ मध्ये, त्याच थेसलीत, रोमनांनी त्याचा पराभव केला.