२०२४ चा वार्षिक विशेषांक: वर्ष संपण्याआधीच मिटलेला आढावा

राजकारण, माध्यमे आणि लोकप्रिय संस्कृती यांचा एकत्रित आढावा घेणारा हा विशेषांक मी दोन बैठकांत वाचून काढला. ही तिन्ही क्षेत्रे एकमेकांत कशी मिसळली हे दाखवण्यात त्याचे खरे बळ आहे. २१ जुलैला अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जो बायडन यांनी अध्यक्षपदाच्या निवडणुकीतून उमेदवारी मागे घेत असल्याचे पत्र थेट ‘एक्स’वर प्रसिद्ध केले आणि १० सप्टेंबरची हॅरिस-ट्रम्प वादचर्चा संपताच गायिका टेलर स्विफ्ट यांनी इन्स्टाग्रामवरून कमला हॅरिस यांना पाठिंबा दिला, या दोन प्रसंगांवरचा लेख पुन्हा वाचावा असा आहे. बातमी देणाऱ्या वाहिन्याच बातमीमागे धावू लागल्या, हे त्यातले निरीक्षण मला फार पटले. चित्रपटांचा विभाग मात्र उरकल्यासारखा वाटतो.

सर्वांत मोठी खंत म्हणजे अंक नोव्हेंबरअखेरीस छापायला गेला. त्यामुळे ३ डिसेंबरच्या रात्री दक्षिण कोरियात लागू झालेला आणि काही तासांतच संसदेने १९० विरुद्ध ० मतांनी फेटाळलेला लष्करी कायदा (मार्शल लॉ), तसेच ८ डिसेंबरला सीरियात कोसळलेली असद राजवट, यांचा त्यात उल्लेखच नाही. वर्षाचा आढावा म्हणवणाऱ्या अंकाने जानेवारीपर्यंत थांबायलाच हवे होते. छपाई स्वच्छ आहे, प्रत्येक छायाचित्राखाली तारीख आहे. तरीही डिसेंबरची पुरवणी निघाल्याशिवाय तो संग्रही ठेवावा, असे मी कोणाला सुचवणार नाही.