इटरेटरचा क्लास की जनरेटर? मी कुठे वळलो आणि का

पायथनमध्ये फॉर लूप रोज लिहिणाऱ्याला इटरेटर, म्हणजे मागितलं की पुढचं मूल्य देणारा ऑब्जेक्ट, नवा नाही, आणि जनरेटर हाही इटरेटरच. प्रश्न पडतो तो स्वतःचा इटरेटर लिहायची वेळ येते तेव्हा. क्लास करून त्यात आयटर (इटरेटर देणारी) आणि नेक्स्ट (पुढचं मूल्य देणारी) या दोन मेथड लिहाव्यात, की साध्या फंक्शनात यील्ड टाकून, म्हणजे त्याचा जनरेटर करून, मोकळं व्हावं? पायथनमध्ये दोन्ही सोयी २००१ साली २.२ आवृत्तीत एकदमच आल्या, तेव्हा एक जुनी आणि दुसरी नवी असंही नाही.

मी बराच काळ क्लासच लिहायचो. कुठे काय साठवलंय ते सेल्फवर, म्हणजे ऑब्जेक्टवरच, डोळ्यांसमोर असतं, हे मला आवडायचं. मन फिरलं ते एका लॉग फाइलमुळे. तिच्यात एररची एकेक नोंद पाच-दहा ओळींची, आणि नवी नोंद तारखेने सुरू व्हायची. म्हणजे पुढची तारीख दिसेपर्यंत ओळी साठवायच्या, दिसली की साठलेली नोंद द्यायची, आणि वाचून झालेली ती तारखेची ओळ पुढच्या खेपेसाठी जपून ठेवायची. इथवर ठीक. पण फाइल संपली की आतून ‘मूल्यं संपली’ सांगणारं स्टॉपइटरेशन येतं, ते तसंच बाहेर जातं आणि लूप थांबतो. शेवटची नोंद सेल्फवर पडून राहते. एरर नाही, काही नाही. प्रोग्राम बंद पडण्याआधीची, जिच्यासाठी लॉग उघडला, नेमकी तीच नोंद गायब! हे लक्षात यायला माझा अख्खा दिवस गेला. मग स्टॉपइटरेशन पकडा, ‘संपलं’ असा फ्लॅग ठेवा, रिकाम्या फाइलची वेगळी अट घाला.

जनरेटरमध्ये हेच लिहिताना लूप फिरवला, तारीख दिसली की साठलेलं यील्ड केलं, आणि लूपच्या खाली, काही उरलं असेल तर तेही यील्ड केलं. बस. नेक्स्ट मेथड दर वेळी पहिल्या ओळीपासून सुरू होते, त्यामुळे तिच्यात ‘लूप संपल्यानंतर’ अशी जागाच नसते. यील्डपाशी फंक्शन लोकल व्हेरिएबलांसकट थांबतं आणि पुढची मागणी आली की तिथूनच चालू लागतं. ट्री फिरताना तर हा फरक फारच जाणवतो. क्लासमध्ये स्टॅक, म्हणजे अजून कुठे जायचंय त्याची यादी, हाताने सांभाळावा लागतो, इथे पायथन ३.३ पासून यील्ड फ्रॉम आहे, एका फांदीची सगळी मूल्यं एका ओळीत पुढे देणारं.

जनरेटरचे त्रासही आहेत. एकदा संपला की संपला, त्यावरचा दुसरा लूप गुपचूप रिकामा जातो. शिवाय पहिली मागणी येईपर्यंत आतली एकही ओळ चालत नाही, त्यामुळे फाइलचं नाव चुकलं तर एरर भलत्याच ठिकाणी उगवते. पुढचं मूल्य न उचलता नुसतं डोकवायचं असेल, किंवा अर्धवट स्थिती पिकल करून, म्हणजे नंतर परत उघडता येईल अशी साठवून, ठेवायची असेल, तर क्लासच बरा. जनरेटर पिकल होत नाही.

तुमचं काम वेगळं असू शकतं, पण सुरुवात जनरेटरने करून बघा असं मी सुचवीन. माझा तो लॉगचा क्लास अजून आहे. फाइल आहे की नाही ते इनिटमध्येच, म्हणजे ऑब्जेक्ट बनतानाच, तपासतो, आणि आयटर मेथड आता जनरेटर आहे, त्यामुळे प्रत्येक लूपला नवी सुरुवात मिळते. नेक्स्ट मेथड मात्र मी पुसून टाकली.