उन्हाळी संशोधन प्रशिक्षण की वर्षभर एकाच प्रयोगशाळेत?

उन्हाळी प्रशिक्षण साधारण ८ ते १० आठवड्यांचं. पूर्ण वेळ प्रयोगशाळा मिळते, परीक्षांची कटकट नसते, नव्या संस्थेतली माणसं भेटतात. पण हिशेब करून बघा: हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशी) दुप्पट व्हायलाच साधारण २४ तास लागतात, एक वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे नमुन्यातलं ठरावीक प्रथिन प्रतिपिंडाच्या (अँटिबॉडीच्या) मदतीने पट्ट्याच्या रूपात दाखवणारी चाचणी, दोन दिवस खातो. पट्टा पुसट आला की प्रतिपिंडाचं प्रमाण बदलून पुन्हा पहिल्यापासून. हात बसेपर्यंत निघायची वेळ होते.

पदवीच्या अभ्यासासोबत वर्षभर आठवड्याचे ८-१० तास देणं दमवणारं आहे खरं, पण तिथे फसलेला प्रयोग तुमचाच राहतो. निगेटिव्ह कंट्रोलमध्ये, म्हणजे जिथे पट्टा यायलाच नको त्या नमुन्यात, तो का दिसला, हे खणून काढायला वेळ असतो. पीएचडीच्या मुलाखतीत अशाच प्रश्नांवर खरी चर्चा रंगते. आणि शिफारसपत्र! दोन महिन्यांच्या ओळखीवर ‘मेहनती आहे’ याच्या फार पुढे जाता येत नाही. वर्षभर पाहणारा मार्गदर्शक तुम्ही चूक कशी पकडली तेही लिहू शकतो.

संशोधन आवडतं का हेच ठाऊक नसेल, तर उन्हाळी प्रशिक्षण घ्या. पीएचडी करायचीच असेल तर मी वर्षभराचं काम आधी सुचवेन. त्याच विषयाला धरून सुट्टीत दुसरीकडे जाता आलं तर उत्तमच.